शनिवारी छाणीला

"मोहनाताईंना एखादी वस्तू हवी झाली, की ती वस्तूच बिचारी घाबरून समोर येऊन उभी राहते," असे तरसालीच्या त्या सोसायटीत सर्रास म्हटले जाई. मंगळागौरीची पत्री असो, बंद पडलेल्या कंपनीच्या शेगडीचा बर्नर असो, की ऐन लग्नसराईत रिकामा सापडणारा आचारी असो, बडोद्यात जे कुठेच मिळत नाही ते मोहनाताईंना मिळते, आणि इतरांपेक्षा स्वस्तही मिळते, याविषयी कुणाचे दुमत नव्हते. समोरच्या बंगलीतल्या निरुपमाबाईंचे सासरे संस्थानच्या काळात कारकुनी करून गेलेले. त्यामुळे त्यांच्या कौतुकालाही थोडे व्याज लागे. त्या म्हणत, "बाईच्या नाकाला वास येतो, हे खरंच. पण काय मिळालं आणि केवढ्याला मिळालं, हे चार घरी सांगितल्याशिवाय हिच्या पोटात अन्न ठरत नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोहनाताई नंदुरबारकडच्या खेड्यात वाढल्या आणि आठवड्याच्या बाजारात वडिलांच्या मागून फिरता फिरता व्यवहार शिकल्या. वडिलांची शिकवण मोजकी होती. माल चांगला आहे का, हे विकणाऱ्याला विचारू नये. विकणारा स्वतःच्या घरासाठी कुणाकडून घेतो, ते पाहावे. आणि बाजार भरताना जावे हौसेने, पण खरेदी करावी बाजार उठताना, कारण तेव्हा गिऱ्हाईक मालाला शोधत नसते, माल गिऱ्हाइकाला शोधत असतो. या दोन सूत्रांवर मोहनाताईंनी खंडेराव मार्केटात आपले राज्य उभे केले होते. भाजीवाल्या त्यांना पाहून पदर सावरीत आणि म्हणत, "आल्या! आता वजनाचं माप नीट धरा!"

अशा या बाईला मागल्या पौषापासून एक गोष्ट मात्र सापडत नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या घरातून हरवली होती.

त्यांचे यजमान बाळकृष्णराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवीत. छताजवळच्या रुळांवरून सरकणारी ती अजस्र क्रेन, तिच्या पोटाशी टांगलेली काचेची खोली आणि त्या खोलीत बसलेले बाळकृष्णराव. खालच्या गोंगाटात वरच्या माणसाला काही ऐकू येत नाही. म्हणून माल बांधणारा खलाशी खालून हाताच्या खुणा करतो आणि वरचा माणूस त्या खुणांवर डोळे लावून लोखंडाचे डोंगर हलवतो. हंबीरराव नावाचे खलाशी वर्षानुवर्षे त्यांना खुणा करीत आले होते. दोघांचे नाते असे, की हंबीररावांनी बोट उचलावे आणि बाळकृष्णरावांनी अर्थ आधीच ओळखावा. पौषात एके दिवशी टांगलेला गठ्ठा झोकांडला आणि हंबीररावांचा पाय त्याखाली आला. चौकशी झाली. माल टांगायचा पट्टा जुना होता, असे ठरले. बाळकृष्णरावांना कुणी बोल लावला नाही. जिवावरचे पायावर निभावले, असे म्हणून सर्वांनी सुस्कारा सोडला.

बाळकृष्णराव मात्र त्या दिवसापासून दोन माणसांत वाटले गेले. घराबाहेरचे बाळुभाई होते तसेच राहिले. फाटकाशी कुणी "केम छो?" म्हटले, की त्यांच्या तोंडून पूर्वीच्याच ठसक्यात "मजामां!", म्हणजे अगदी मजेत, असे निघे आणि पाठोपाठ एखादा विनोदही. घरातले बाळकृष्णराव दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसत. चहाचा कप त्यांनी बशीवर ठेवला, की बशी वाजे. म्हणून मोहनाताईंनी बशी देणेच बंद केले आणि पितळेचा पेला काढला. झोप उडाली होती. नळ सोडून ते मोरीत उगाच उभे राहत. "काय झालं हो?" असे विचारले, की उत्तर एकच येई, "काही नाही गं."

कारखान्याने त्यांना तात्पुरते कोठारात काम दिले होते. पण क्रेनवर हात बसलेल्या माणसाला कारखाना कोठारात किती दिवस बसू देणार? आज ना उद्या त्यांना वर चढावेच लागणार होते. मोहनाताईंना क्रेनवर चढायची ती शिडी सारखी डोळ्यांसमोर दिसे. ज्या हाताला पेला पेलवत नाही, त्या हातात लोखंडाचे डोंगर, आणि खाली कुणाकुणाची माणसे!

सुरुवातीला त्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात चौकशीला गेल्या. गुळगुळीत फरशीवरच्या मुलीने फी सांगितली आणि ती दर आठवड्याला द्यावी लागेल, असेही गोड आवाजात सांगितले. मोहनाताईंनी तिथले गार पाणी तेवढे प्यायले आणि त्या बाहेर आल्या. मग सरकारी दवाखाना. तिथे रांग होती, पण डॉक्टर भला माणूस निघाला. झोपेचे औषध देऊन तो म्हणाला, "गोळीने झोप येईल, काकू. पण काकांना बोलायला माणूस लागेल, आणि माझ्यामागे ही एवढी रांग आहे. शहरात संस्था आहेत. ट्रस्टची केंद्रं आहेत, कॉलेजांची आहेत. ऐपत असेल तेवढंच घेतात. शोधा."

शोधा! मोहनाताईंना हा शब्द कानात गुळासारखा विरघळल्याचे जाणवले. इतके महिने काय करावे, हे त्यांना ठाऊक नव्हते; आता निदान काय शोधायचे, हे तरी कळले होते. त्यांनी पदर खोचला.

वडिलांचे पहिले सूत्र त्यांनी तिथेच चालवले. केंद्रांत जाऊन "तुमचे केंद्र चांगले आहे का?" असे विचारण्याऐवजी त्या दवाखान्यातल्या परिचारिकेशी बोलत बसल्या. नंदुरबारकडची ओळख निघाली, लसणाच्या चटणीची कृती दिली-घेतली, आणि मग सहज विचारल्यासारखे केले, "तुमच्या घरचं कुणी असं मनानं दुखावलं, तर तुम्ही हो कुठं धाडाल?" परिचारिकेने क्षणाचाही विलंब न लावता एका ट्रस्टच्या केंद्राचे नाव सांगितले. ते खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका वाचनालयाच्या माडीवर होते. मोहनाताईंना हसू आवरेना. इतकी वर्षे त्या त्याच गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर घेत आल्या होत्या!

माडीवर केयूरभाई नावाचे समुपदेशक भेटले, पस्तिशीचे, मऊ बोलणारे. मोहनाताईंनी आसनावर नीट बसून सवयीने विचारले, "किती घ्याल?"

"कोपऱ्यात पडद्यामागे एक पेटी आहे, बेन," केयूरभाई मोडक्या मराठीत म्हणाले. "जे जमेल ते टाका. नाही जमलं, तर नका टाकू. आम्ही पाहत नाही."

मोहनाताई गोंधळल्या. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. "असं कसं? काही तरी सांगा. मग मी कमी करून मागेन. त्याशिवाय बरोबर किंमत कशी ठरायची?"

केयूरभाई खळखळून हसले. मोहनाताई पडद्यामागे गेल्या आणि स्वतःशीच घासाघीस करून, दोन्ही बाजूंनी आपणच लढून, एक रक्कम टाकून आल्या. या व्यवहारात आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना घरी पोहोचेपर्यंत ठरवता आले नाही.

बाळकृष्णरावांना तयार करणे सोपे नव्हते. "मला काय वेड लागलंय?" असे त्यांनी एकदा विचारले. "वेड मला लागायची पाळी आली आहे. माझ्यासोबत चला," असे म्हणून मोहनाताईंनी त्यांना पायांत वहाणा घालायला लावल्या. निघताना त्यांनी यजमानांची कॉलर नीट केली आणि बजावले, "परकं ठिकाण आहे. तिथं आपलं घरगुती बोलू नका. नीट, सभ्यपणे गुजरातीत बोला."

ही चूक बडोद्यातले मराठी घरच करू जाणे. मराठी उंबऱ्याच्या आत, गुजराती उंबऱ्याबाहेर, हा तिथला शिष्टाचार. पाहुण्याने यजमानाच्या घरी धुतलेले कपडे घालून जावे, तितका तो साधा. मोहनाताईंना त्यात काही वावगे दिसले नाही. दिसायचे कारणही नव्हते.

बाळकृष्णराव आठवड्याच्या आठवड्याला माडीवर जाऊ लागले. बाहेर बाकावर बसलेल्या मोहनाताईंना आतून हसण्याचे आवाज येत. आधी केयूरभाईंचे, मग दोघांचे. त्यांच्या मनाला उभारी आली. पण घरी पोहोचताच हात पुन्हा मांडीखाली जात. होता होता श्रावण सरला, आणि कारखान्याच्या डॉक्टरने केयूरभाईंना त्यांचे मत विचारले. केयूरभाईंनी जे पाहिले, तेच प्रामाणिकपणे सांगितले: माणूस आनंदी आहे, झोप चांगली आहे म्हणतो, कामाला हरकत दिसत नाही.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाळकृष्णराव घरी आले आणि खुर्चीत बसले. "दसऱ्याच्या पूजेला क्रेनला तोरण मीच बांधायचं, असं साहेब म्हणाले. त्याच दिवसापासून वर."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"चालेल म्हणालो."

मोहनाताईंनी त्यांच्या हातांकडे पाहिले. ते मांडीखाली होते.

त्या संध्याकाळी दोघेही भाजीला गेले. मोहनाताई सुरण निवडत होत्या. पिशवी बाळकृष्णरावांच्या हातात होती. ओळखीचा लिंबूवाला ओरडला, "अरे बाळुभाई! केम छो?"

"मजामां!" बाळकृष्णराव हसून म्हणाले, आणि त्याच क्षणी पिशवीतले बटाटे एकमेकांवर खुळखुळू लागले, कुणी चाळणीत घालून हलवावेत तसे.

मोहनाताईंच्या हातातला सुरण तिथेच राहिला. ओठांवर हसू, आवाजात ठसका आणि पिशवी थरथरते आहे! त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. या माणसाने गुजरातीत आजवर काय काय केले? नोकरी केली, घासाघीस केली, विनोद सांगितले, शुभेच्छा दिल्या. गुजरातीत तो कधी आजारी पडला का? आई गेली तेव्हा गुजरातीत रडला का? गुजराती ही त्याची बाहेर जायची पैरण. आणि आपणच त्याला ती पैरण चढवून, वर कॉलर नीट करून, दुखणे दाखवायला पाठवले!

"सापडलं!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की सुरणवालीने घाबरून तराजू खाली ठेवला.

मागची गल्ली पन्नास पावलांवर होती. मोहनाताई यजमानांना लिंबांपाशी उभे करून माडीचा जिना धापा टाकत चढल्या. केयूरभाई कुलूप लावीत होते. त्यांनी सगळे ऐकले, मधे एकदाही अडवले नाही, आणि कुलूप हातात घेऊन पायरीवरच बसले.

"बेन," ते हळू म्हणाले, "ते मला हसवत होते. मला वाटलं, हसतात म्हणजे बरे आहेत. चूक माझी पण आहे. उद्याच कारखान्याच्या डॉक्टरला सांगतो, की माझं मत कच्चं होतं. पण डॉक्टर त्यांना विचारील, आणि ते काय म्हणतील?"

"मजामां," मोहनाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"एक्झॅक्टली. छाणीला आमच्याच ट्रस्टची दुसरी खोली आहे. तिथे उत्कर्षा नावाची मुलगी शनिवारी बसते. तुमच्यातलीच आहे, मराठी. फार छान काम करते. फक्त तिच्याकडे दिवाळीपर्यंत जागा नाही."

दुसरा कुणी असता तर इथे खाली बसला असता. मोहनाताईंचे डोळे मात्र चमकले. जागा नाही, म्हणजे माल चांगला आहे! आणि वडिलांचे दुसरे सूत्र अजून वापरायचेच होते.

शनिवारी सकाळी त्या यजमानांना शेअरच्या शटल रिक्षात घालून, अख्खे बडोदे ओलांडून छाणीला पोहोचल्या. एका वेल्डिंगच्या दुकानाशेजारी बसकी खोली होती आणि बाहेर निंबाखाली लाकडी बाक. दारातल्या बाईने वही उघडण्यापूर्वीच मोहनाताई म्हणाल्या, "जागा नाही, ठाऊक आहे मला. जो येणार नाही, त्याची जागा आमची. आम्ही बसतो."

"सगळेच आले तर?"

"तर पुढच्या शनिवारी बसू. ताई, बाजारात कधी सगळे आलेले पाहिलेत?"

ते दोघे बाकावर बसले. शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. एक बाई आली, गेली. एक तरुण आला, गेला. डब्यातल्या दशम्या संपल्या. बाळकृष्णराव म्हणाले, "चल घरी. उगाच शोभा." मोहनाताई म्हणाल्या, "बाजार अजून उठायचा आहे." आणि खरेच, दुपार कलताना दारातली बाई डोकावून म्हणाली, "एकांचा फोन आला, येत नाहीत. या, काका."

मोहनाताई दाराकडे असा कान लावून बसल्या, जणू पोरीच्या लग्नाची बोलणी आत चालली आहेत. दार अर्धवट लोटलेले होते. पहिलेच वाक्य त्यांच्या कानावर आले, आणि त्या चकित झाल्या. त्या मुलीने "कसे आहात?" असे विचारलेच नाही. ती म्हणाली, "काका, क्रेनमधून खाली पाहिलं, की काय काय दिसतं हो?"

मग दार पूर्ण लागले. आतून हसण्याचा आवाज आला नाही. मग एक आवाज आला. तो मोहनाताईंनी सासूबाईंच्या दहाव्याला ऐकला होता, त्यानंतर कधी नाही. त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. रडू येण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांना आनंदाने ओरडावेसे वाटत होते.

बाळकृष्णराव बाहेर आले आणि नळावर तोंड धुवायला गेले. मोहनाताईंनी उत्कर्षाला दारातच गाठले. मुलगी लहानशी होती, केसांची साधी वेणी, हातात पाण्याचा पेला.

"काय म्हणाले गं?"

"ते मी नाही सांगणार, काकू."

"अगं, मी बायको आहे त्यांची!"

"म्हणूनच नाही सांगणार. त्यांना वाटलं, तर ते सांगतील. आणि पुढच्या शनिवारी तुम्हाला बाकावर बसायला नको. काम संपल्यावर मी थोडं थांबेन."

मोहनाताईंना क्षणभर राग आला, आणि दुसऱ्या क्षणी त्या रागापेक्षा मोठे समाधान वाटले. चला, बडोद्यात एक तरी बाई अशी निघाली, जिच्या पोटात काही राहते! इथेही पडद्यामागे तशीच पेटी होती; तीत त्यांनी या खेपेला स्वतःशी घासाघीस न करता पैसे टाकले.

परतताना ते खंडेराव मार्केटाशी उतरले. बाजार उठत होता. मोहनाताई मुद्दामच काही विचारीत नव्हत्या, आणि ते न विचारणे त्यांना उपासापेक्षाही जड जात होते. त्या गवारीच्या ढिगात हात घालून उभ्या असताना बाळकृष्णराव अचानक बोलू लागले.

"हंबीरराव हात करत होता. आणि पलीकडून, शेडच्या दारातून, कुणी तरी मला हात हलवून ओरडलं. ऐकू काही आलं नाही, पण 'केम छो' असंच म्हणत असणार, दुसरं काय? मी तिकडे वळून हात वर केला. 'मजामां' म्हणालो. एकटाच, त्या खोलीत. पुन्हा खाली पाहिलं, तेव्हा उशीर झाला होता."

मोहनाताई गवार निवडायच्या थांबल्या.

"पट्टा जुना होता म्हणतात. असेल. पण मी पाहत नव्हतो, मोहना. आणि त्यानंतर रोज, दहा-वीस वेळा, कुणी ना कुणी मला तेच विचारतं, आणि मी तेच म्हणतो."

गवारवाली म्हणाली, "बेन, घ्यायची असेल तर घ्या, मला निघायचंय." मोहनाताईंनी सगळी गवार घेतली. भाव केला नाही. त्या सोसायटीच्या इतिहासात ही नोंद घेण्यासारखी घटना होती, पण ती पाहायला निरुपमाबाई तिथे नव्हत्या.

एका शनिवारी खोलीतून बाहेर पडल्यावर बाळकृष्णरावांनी रिक्षावाल्याला उलट दिशेचा पत्ता सांगितला. हंबीरराव छाणीतच राहत, वेल्डिंगच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. इतक्या महिन्यांत बाळकृष्णराव तिकडे एकदाही फिरकले नव्हते. ओट्यावर कुबडी टेकवून बसलेल्या हंबीररावांनी त्यांना पाहिले, आणि आधी तोंड फिरवले. बाळकृष्णरावांनी समोर उभे राहूनच सगळे सांगितले. हंबीरराव ऐकत राहिले, मग म्हणाले, "ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी खाली होतो, तू वर. तुझी मान कुठे आहे, हे मला दिसणार नाही?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगून पाय परत येणार होता? त्याचा राग नाही बाळ्या. एवढे महिने आला नाहीस, त्याचा आहे. बस आता. वहिनी, तुम्ही आत जा, ही चहात साखर घालत नाही, जरा सांगा तिला."

त्या चहात साखर घातली गेली, आणि कपाखाली बशीही आली. बशी वाजली. दोघांनी तिकडे पाहिले आणि चहा संपवला.

दसरा उजाडला. कारखान्यात घरच्यांनाही बोलावणे असे. यंत्रांना हळदकुंकू लागले होते, झेंडूच्या माळांनी शेड पिवळीजर्द दिसत होती. हंबीररावांना पुढे खुर्ची दिली होती. मोहनाताई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. आदल्या रात्री यजमानांनी काहीच सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. उत्कर्षाच्या नियमाची त्यांना आता सवय होऊ लागली होती. पण शिडी समोर होती, तीच शिडी, आणि बाळकृष्णराव गळ्यात तोरण अडकवून तिच्या पहिल्या पायरीशी पोहोचले होते.

मोठे साहेब टाळ्या वाजवत पुढे आले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा उमद्या आवाजात म्हणाले, "केम बाळुभाई! मजामां?"

बाळकृष्णरावांचे ओठ सवयीने उघडले. त्यांनी एकदा हंबीररावांकडे पाहिले. मग गळ्यातले तोरण काढून हातात घेतले. हात थरथरत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"ना, साहेब," ते म्हणाले. "मजामां नथी."

गुजरातीतले ते वाक्य बाळकृष्णरावांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारले असावे. साहेबांनी त्या हाताकडे पाहिले, झेंडूच्या हलणाऱ्या पाकळ्यांकडे पाहिले, आणि हसू आवरते घेतले. "तो नीचे रहो, भाई," काही घाई नाही, अशा सुरात ते हळूच म्हणाले. "उतावळ नथी." तोरण दुसऱ्या चालकाने वर नेऊन बांधले. तेवढ्यात हंबीररावांनी खुर्चीतूनच हात आडवा धरून कामातली 'थांब'ची खूण केली आणि मग दोन्ही हात जोडले. आणि बायकांच्या घोळक्यातून कुणी तरी जोराने टाळ्या वाजवू लागले. इतर बायकांनी वळून पाहिले. त्या मोहनाताई होत्या.

बाळकृष्णराव पुन्हा वर चढले ते होळी उलटून गेल्यावर, तेही आधी रिकाम्या क्रेनवर, आणि खाली कुबडीवर भार टाकून हंबीरराव स्वतः खुणा करीत असताना. पण तोवर सोसायटीत वेगळ्याच गोष्टीची चर्चा सुरू झाली होती. दर शनिवारी सकाळी मोहनाताईंची रिक्षा फाटकाबाहेर उभी राही आणि तीत दर खेपेला कुणी ना कुणी नवे माणूस बसलेले दिसे. कधी पलीकडच्या गल्लीतली बाळंतपणानंतर मुकी झालेली सून, कधी परीक्षेच्या धास्तीने जेवण तोडलेली मुलगी. बर्नर आणि आचारी शोधून देणाऱ्या बाईने आता हा नवा शोध हाती घेतला होता, आणि तो मात्र त्या चार घरी सांगत नव्हत्या. कोण बसले, कशासाठी बसले, हे विचारले तर म्हणत, "छाणीला भाजी स्वस्त आहे."

निरुपमाबाईंना हे पचेना. त्यांचे यजमान उदयसिंहराव शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून माडीवरून खाली उतरलेले कुणी पाहिले नव्हते. ते ग्रंथ वाचतात, असे निरुपमाबाई सांगत. माडीच्या खिडकीत दिवा मात्र दिवसचे दिवस लागत नसे, आणि समोरच्या घरातून मोहनाताईंना ते दिसत असे.

चैत्राच्या हळदीकुंकवाला, हातात पन्ह्याचा पेला आणि भोवती दहा बायका, असा मुहूर्त साधून निरुपमाबाई म्हणाल्या, "काय हो मोहनाताई, असं काय वाटतात त्या छाणीत? ट्रस्टचं म्हणे, पेटीत टाकायचं म्हणे! आपल्यासारख्या घरांतून कुणी असल्या ठिकाणी जातं का? घरातलं बोलायला घरची माणसं नसतात? बाई, आमच्याकडे तर सगळं अगदी मजामां आहे!"

मोहनाताईंनी पन्हे संपवले, पेला ताटात ठेवला आणि पदराने ओठ टिपले.

"आमचेही हेच म्हणायचे. शनिवारी साडेनऊला निघते मी, रिक्षात एक जागा आहे. उदयसिंहरावांना चपला घालून फाटकाशी उभे करा."